सत्कारानंतर कबड्डी

शिवदास मांडवकरने ते मैदान चाळणीने केलं होतं.

अस्कर गावाच्या अलीकडे, खजुराच्या एका जुन्या बागेमागे, हारून नावाच्या बहरीनी माणसाची रिकामी जागा पडून होती. जमीन म्हणजे खडे, शिंपले आणि वर मिठाचा पापुद्रा. तिथे कबड्डी खेळायची तर गुडघा सोलून निघायचा आणि वरून मीठ झोंबायचं. शिवदासने खिडकीची जुनी जाळी लाकडी चौकटीवर ठोकली आणि दर शुक्रवारी माती चाळायला घेतली. रोपवाटिकेवाले वापरून झालेली कुंड्यांतली माती फेकून द्यायचे. ती दाजी नावाच्या मित्राच्या पिकअपमधून आणली. बोअरचं पाणी मारलं तर माती सुकल्यावर पुन्हा पांढरी व्हायची, म्हणून टँकरवाल्याच्या मागे लागून गोडं पाणी मिळवलं. एका पिंपात सिमेंट भरून त्याचा रोलर केला. मारायचं पाणी, वाळू द्यायचं, फिरवायचा रोलर, परत पाणी. दोन हिवाळे यात गेले.

बघणारे म्हणायचे, मैदान छान झालंय. झालंय म्हणे. झालं नव्हतं, केलं होतं.

हा शिवदास गुहागरकडचा. पंचविशीत बहरीनला आला तो ॲल्युमिनियमच्या कारखान्यात, पॉटरूमला लागला. वितळलेल्या धातूच्या भट्ट्यांच्या रांगा, बाहेर उन्हाळा आणि आत त्याहून मोठा उन्हाळा. जाड कपडे, जाड बूट, तोंडावर मास्क. शिफ्ट संपली की बुटातून पाणी ओतावं तसा घाम ओतायचा. त्यात त्याचं आयुष्य गेलं. बायको काशीबाई गावी राहिली, दोन मुली तिनेच वाढवल्या आणि तिनेच उजवल्या. शिवदास सुट्टीत पाहुण्यासारखा जायचा आणि पाहुण्यासारखा परत यायचा. स्वतःचं म्हणावं असं त्याच्याजवळ फार काही नव्हतं. खोली कामगारांच्या कॅम्पची, पलंग कंपनीचा, व्हिसाही कंपनीचाच. मैदान तेवढं त्याचं होतं, तेही दुसऱ्याच्या जागेवर.

गावाकडे तो तालुक्याच्या संघात पकडी करायचा. इथे आल्यावर आपल्या माणसांना गोळा केलं. परांची बांधणारे, ड्रायव्हर, एसी दुरुस्त करणारे, असे चार संघ उभे राहिले. गुडघे गेल्यावर तो पंच झाला. आता पुढच्या वर्षी व्हिसा संपून तो कायमचा गावी जाणार होता. आपण गेल्यावर मैदान राहावं, एवढंच त्याला हवं होतं.

हारून एका शुक्रवारी आला. म्हातारा माणूस, बोलायला गोड. त्याच्या बापाने ही जागा कागदाशिवाय, नुसत्या शब्दावर खेळायला दिली होती. खुर्चीत बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "शिवदास, मेरा लड़का लोग इधर पॅडल बनाएगा."

पॅडल म्हणजे काचेच्या पिंजऱ्यात खेळायचं टेनिस. आजकाल जिथे रिकामी जागा दिसेल तिथे तो पिंजरा उभा राहत होता.

"बाबा, इधर हमारा मैदान है," शिवदास म्हणाला.

"मालूम. लेकिन तुम्हारा कबड्डी कौन देखता? मफी कोई." हारूनने रिकाम्या कडेकडे हात केला. मग त्यालाच वाईट वाटलं असावं. "टीव्ही में आएगा, नाम होगा, तो मैं लड़का लोग को बोलेगा, रुको. मैं खुद इधर बैठने का सीढ़ी बनाएगा. इंशाल्ला."

शिवदासने ही गोष्ट महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांना सांगितली. अध्यक्ष परीक्षित, पुण्याचा, बँकेत मोठ्या जागेवर. माणूस वाईट नव्हता. मंडळासाठी स्वतःची गाडी द्यायचा, वेळ द्यायचा, कोणी आजारी पडलं तर सलमानियाच्या सरकारी दवाखान्यात स्वतः घेऊन जायचा. पण त्याच्या हातात माइक दिला की काढून घ्यायला दोन माणसं लागायची.

योग असा की परीक्षितची मुलगी निधी दुबईत एका कंपनीत होती. अमेरिकेतल्या चॅनेलांसाठी जगभरातले खेळ शोधायचे, हे त्या कंपनीचं काम. निधीचा साहेब, डोनोव्हन नावाचा अमेरिकन, साखीरला मोटारींच्या शर्यतीसाठी येणार होता. निधीने शब्द टाकला. साहेब म्हणाला, शुक्रवारी चार वाजता येतो, दोन कॅमेरे आणतो, सूर्य मावळला की निघतो.

मंडळाची बैठक परीक्षितच्या घरी झाली.

"आला की शिट्टी मारू," शिवदास म्हणाला. "सामना सुरू करू."

"अहो शिवदासराव, पाहुणा परदेशातून येतोय. त्याला नुसतं खुर्चीवर बसवून खेळ दाखवायचा? बरं दिसेल का ते?" परीक्षित म्हणाला. "दीपप्रज्वलन, स्वागत, मान्यवरांचा सत्कार. अगदी आटोपशीर. मग तुमचा सामना."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पाहुणा आला आणि शाल-श्रीफळ नाही, हे कोणाच्या डोक्यातच बसत नव्हतं. शिवदास तोंड उघडणार, तेवढ्यात परीक्षित पुढे बोलला.

"आणि या खेपेला तुमचाही सत्कार करायचा आहे. मैदान कोणी केलं, ते लोकांना कळू दे की एकदा."

शिवदासने तोंड उघडलं नाही.

आजवर मंडळाच्या शाली देणगीदारांना गेल्या, डॉक्टरांना गेल्या, मुंबईहून फुकटात फिरायला आलेल्या पुढाऱ्यांना गेल्या. नारळांचं पोतं गाडीतून उतरवायला मात्र शिवदास असायचा. त्या रात्री त्याने फोनवर काशीबाईला सांगितलं. ती म्हणाली, "इस्त्रीचा शर्ट घाला. आणि बोलायला सांगितलंत तर बोला दोन शब्द. नुसते हात जोडून खाली उतरू नका."

शुक्रवारी पहाटेपासून तो मैदानावर होता. पाणी, रोलर, फक्कीच्या रेषा. मधली रेषा त्याने दोरी ताणून दोनदा मारली, पहिली त्याच्या मनासारखी आली नव्हती. दुपारपर्यंत मैदान असं झालं की अनवाणी पाय ठेवला तर खाली गारवा लागावा. सामना परांचीवाले विरुद्ध ड्रायव्हर. परांचीवाल्यांत स्वरूप नावाचा चिपळूणचा पोरगा चढाईला होता. दिवसभर उंचावर लोखंडी पाइप झेलायचा, त्यामुळे मांजरासारखा पाय टाकायचा. शिवदासने त्याला जवळ घेऊन सांगितलं, "पहिलीच चढाई तुझी. राखून खेळू नको."

डोनोव्हन चारच्या आधी आला. उंच, पांढऱ्या केसांचा, डोक्यावर टोपी. त्याने मैदान चालून पाहिलं, वाकून मातीला हात लावला. हे शिवदासला आवडलं. पहिल्या रांगेत डोनोव्हन, शेजारी निधी, तिच्या शेजारी शिवदास असे बसले. कॅमेरेवाले मधल्या रेषेच्या दोन टोकांना उभे राहिले.

समई लागेना. वारा सुटला होता. परीक्षित, बाब अल बहरीनच्या बाजारातले एक सोन्याचे व्यापारी, सलमानियातल्या एक डॉक्टरीण बाई, असे सगळे समईभोवती ओणवे झाले. एक काडी विझली, दुसरी विझली. कोणीतरी पदराचा आडोसा केला. एक वात लागली की दुसरी जायची. शेवटी डॉक्टरीण बाई म्हणाल्या, एक लागली तरी चालतं, आणि टाळ्या झाल्या. मग स्वागतगीत. मग परीक्षितचं प्रास्ताविक, त्यात मंडळाचा इतिहास, स्थापनेपासून.

मग सत्कार. नाव पुकारायचं, मान्यवरांनी उठायचं, शाल, नारळ, गुच्छ, फोटो, पुन्हा एकदा फोटो कारण मघाशी कोणाचे तरी डोळे मिटले होते, आणि मान्यवरांनी दोन शब्द बोलायचे. त्या दोन शब्दांत प्रत्येकाचं बालपण यायचं. कॅमेरे चालूच होते.

डोनोव्हन निधीच्या कानाशी काही बोलला. निधी लाल झाली.

"काय म्हणतो?" शिवदासने विचारलं.

"काका, तो विचारतोय, खेळ सुरू झाला का? हा खेळाचाच भाग आहे का?"

मागच्या रांगेतून दाजी फिसकन हसला. दाजी साताऱ्याचा, पिकअप चालवायचा, शिवदासचा या देशातला सगळ्यात जुना मित्र. "सांग त्याला पोरी, हीच चढाई हाय. आता मान्यवर दम घुमवायला लागल्यात."

शिवदासला हसू आलं नाही. तो निधीला म्हणाला, "त्याला विचार, आपला खेळ तिकडे लोक बघतील का? खरं सांग म्हणावं."

डोनोव्हन खरं बोलणारा निघाला. तो हळूहळू सांगत गेला, निधी मराठीत करत गेली.

"तो म्हणतो, आमच्याकडे चॅनेल खेळ विकत नाही, खेळ थांबतो ती वेळ विकतं. खेळ थांबला की जाहिरात दाखवता येते. जो खेळ थांबत नाही, तो त्यांना नको असतो."

"बरं."

"आणि म्हणतो, माणूस लहानपणी जे खेळला, वडिलांच्या शेजारी बसून ज्यासाठी ओरडला, तेच म्हातारपणी बघतो. बाहेरून आलेल्या खेळाला तिथे कोणी आपलं नसतं. कोणाच्या बाजूने ओरडायचं ते कळत नाही, कोणाचा राग करायचा तेही कळत नाही. फुटबॉलला अख्खं जग वेडं, पण आमच्याकडे पाय रोवायला त्याला माझं आयुष्य लागलं. माझा भाऊ अजून म्हणतो, दीड तासात एक गोल, हे काय बघायचं? क्रिकेटचं नाव काढलं तर तो खोलीतून उठून जातो."

"मग हा इथे आला कशाला?"

निधी घुटमळली, पण तिने विचारलं. डोनोव्हन मोठ्याने हसला. मग मैदानाकडे बोट करून बोलला आणि निधीचा चेहरा उजळला.

"काका, तो म्हणतो, नियम समजावून सांगावे लागतात तो खेळ आमच्याकडे मेला. लोक चॅनेल बदलत असतात. मधेच बोट थांबलं पाहिजे. एक माणूस एकटा सातजणांच्या घरात जातो आणि दम टिकवून परत येतो, हे माझ्या भावालाही न सांगता कळेल. अशी एक चढाई या उजेडात मला दाखवा. एकच. पुढचं मी बघतो."

एकच चढाई. स्वरूप मैदानाच्या कडेला मांड्या चोळत उभा होता. शिवदासने वर पाहिलं. ऊन खजुरांच्या शेंड्यांवर आलं होतं. मैदानावर चार दिवे होते, पण ते खेळणाऱ्याला पुरायचे, कॅमेऱ्याला नाही. शिट्टी त्याच्या खिशात होती. पंच तोच होता. उठून मैदानात जायचं आणि फुंकायची, एवढंच. पोरं धावत आली असती, माइक आपोआप बंद पडला असता. परीक्षितला राग आला असता, आणि तो दोन दिवसांत गेलाही असता.

शिवदास खुर्चीतून अर्धा उठला.

"यानंतर," माइकवर परीक्षित म्हणाला, "आपण ज्यांचा सत्कार करणार आहोत, त्यांच्या घामावर हे मैदान उभं आहे. त्याआधी आपले माजी अध्यक्ष..."

शिवदास खाली बसला.

"शिवा, शिट्टी मार," दाजी मागून म्हणाला.

"थांब जरा."

"कशापायी थांबू? ऊन खजुरीत शिरलं."

"दोन माणसं राहिलीत."

दाजी पुढे वाकला. "त्यातलं एक तू, व्हय रं?"

माजी अध्यक्ष बोलले. मग त्याचं नाव पुकारलं गेलं, शिवदासराव मांडवकर, आणि टाळ्या वाजल्या. इतर कोणासाठी वाजल्या नाहीत तेवढ्या वाजल्या, कारण मागे उभी असलेली सगळी पोरं वाजवत होती. परीक्षितने शाल खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि माइक पुढे धरला.

दिवसाला मोजके शब्द बोलणारा हा माणूस. त्याने नुसते हात जोडले असते तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण तो बोलला. जाळी कुठून आणली ते बोलला. खारं पाणी आणि गोडं पाणी बोलला. माती किती वेळा चाळायची, रोलर कधी फिरवायचा आणि कधी फिरवायचा नाही, सगळं बोलला. इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं ते सगळं एकदम बाहेर आलं. लोक ऐकत होते आणि त्याला थांबता येईना. बोलणं संपवून त्याने मान वर केली, तेव्हा खजुरांवर ऊन नव्हतं. कॅमेरेवाले तारा गुंडाळत होते.

खांद्यावर शाल तशीच ठेवून त्याने शिट्टी मारली.

स्वरूप गेला. ती चढाई जे हजर होते ते अजून सांगतात. डाव्या कोपऱ्यावरच्याला पायाने शिवलं, मागे वळतो तोच कमरेला मिठी पडली, दुसऱ्याने घोटा धरला, तिसरा छातीवर. तिघांना ओढत, आडवा होत, त्याने हात लांब केला आणि बोटाची टोकं मधल्या रेषेला लावली. दम तुटला नव्हता, सगळ्या मैदानाला ऐकू येत होता. डोनोव्हन गाडीचा दरवाजा उघडून उभा होता. त्याने पाहिलं आणि कॅमेरेवाल्याकडे वळून काही बोलला. कॅमेरेवाल्याने आकाशाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

जाताना डोनोव्हन शिवदासला भेटला. दोन्ही हातांनी हात दाबला. निधीने त्याच्या बोलण्याचं मराठी केलं नाही.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, हीच ती चढाई होती."

पुढे दोनेक महिन्यांनी निधीने व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतल्या एका कार्यक्रमात आला होता. जगात खेळाआधी लोक काय काय करतात, असा गमतीचा कार्यक्रम. त्यात बहरीन होतं. न लागणारी समई होती. शाल, नारळ, फोटो, शाल, नारळ, फोटो, हे सगळं भराभर पळवून दाखवलं होतं आणि मागे लोकांचं हसणं भरलं होतं. शेवटी शिवदास. अंगावर शाल, हातात नारळ, तोंड चाललेलं. आवाज कापला होता. निवेदक काहीतरी म्हणत होता. निधीने खाली लिहिलं होतं, "सॉरी काका. तो म्हणतोय, खेळ यानंतर असतो असं आम्हाला सांगण्यात आलं आहे." कबड्डी त्यात कुठेच नव्हती.

परीक्षितने तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर टाकला. "अमेरिकन टीव्हीवर आपलं मंडळ!" लोकांनी अंगठे दाखवले. काशीबाईचा फोन आला. "शाल चांगली आहे," ती म्हणाली. "पण ते लोक हसतायत कशाला?"

"त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे," शिवदास म्हणाला.

हारूननेही पाहिला. स्वतः आला, कारण निरोप पाठवणं त्याला बरं वाटलं नाही. "देखा मैं, शिवदास. अच्छा है. शॉल भी अच्छा है." मग त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "लेकिन खेल किधर है?"

शिवदासने त्याच्या ग्लासात आणखी चहा ओतला.

"खलास," हारून हलकेच म्हणाला आणि उठला.

पॅडलवाल्यांचा मुकादम ज्या शुक्रवारी मैदान बघायला आला, त्या दिवशी शिवदास आणि दाजी दिव्यांचे खांब काढत होते. मुकादम पठाण होता, कामाचा माणूस. त्याने पहार घेऊन चार ठिकाणी ठोकून पाहिलं, लेव्हलची पट्टी लावली, पुन्हा लावली.

"चाचा, ये बेस किसने बनाया?"

"क्यों?"

"एकदम लेवल. पक्का. भराई का काम ही नहीं. सीधा काँक्रीट मारेंगे." तो खूश होता. त्याचे काही दिवस वाचले होते.

तो फोन करायला बाजूला गेला. शिवदासने पिकअपमधून टिकाव काढला. मधल्या रेषेवर उभा राहिला आणि मारला.

"आरं, काय करतूस?" दाजी ओरडला.

"माझी माती मी उचलतो. त्यांच्या पिंजऱ्याखाली नाही घालायची."

"सगळी? एकटा?"

शिवदासने पुन्हा मारला. टिकाव आत शिरेना. इतकी वर्षं पाणी आणि रोलर खाऊन ती माती दगड झाली होती. टिकाव वर उडायचा आणि खांद्यात कळ यायची. पॉटरूममध्ये आयुष्य काढलेले हात, पण पाऊण तासात हातभर लांबीचा खड्डासुद्धा झाला नाही. खालून खडे आणि शिंपले लागले, तेच ते, पहिल्या दिवसाचे. त्याने ते बोटांनी बाजूला केले आणि बसून राहिला. श्वास लागला होता.

मुकादम परत आला. खड्डा पाहून त्याचा चेहरा पडला. "चाचा, क्यों बिगाड़ते हो? इतना अच्छा काम है."

शिवदासने त्याच्याकडे पाहिलं. चांगलं काम, असं साधं, माइकशिवाय, कामाकडे बघून म्हणणारा हा पहिला माणूस. आणि तो हे मैदान गाडायला आला होता.

खड्डा तसाच टाकून उठणं शिवदासला जमेना. त्याने शिव्या दिल्या, कोणाला ते दाजीलाही कळलं नाही. मग शिंपले वेचून बाहेर फेकले, ढेकळं हातांनी फोडली, माती परत आत लोटली. पाणी मागितलं. दाजीने प्यायच्या बाटलीतलं ओतलं. शिवदासने पायांनी चेपत, टाचा मारत ती जागा सपाट केली, वाकून डोळा लावून बघितली, पुन्हा एक मूठ माती टाकली आणि पुन्हा चेपली. मुकादमाने लेव्हलची पट्टी ठेवली. बुडबुडा मध्यावर येऊन थांबला.

"बराबर," मुकादम म्हणाला.

दाजीने टिकाव पिकअपमध्ये टाकला. "चल शिवा. तुझा आणखी एक सत्कार करायला पायजे आता."

शिवदास मैदानाच्या बाहेर बसून बुटांतली माती झटकत होता. दुपारची शिफ्ट होती, आणि कपडे बदलायला कॅम्पात जायला हवं होतं.